घरच्या गोळ्या

बाबांना नुसती शिंक आली तरी ते लेकीला फोन लावायचे. तिचं औषधांचं दुकान होतं. डॉक्टरच्या दारात ताटकळत बसणं बाबांच्या जिवावर यायचं, आणि दुकान बंद ठेवून त्यांना नेणं तिच्या. मग ती अँटिबायोटिकचं पाकीट काढून पाठवून द्यायची. "माझी लेक म्हणजे घरचा डॉक्टर!" बाबा शेजाऱ्यांना सांगत.

त्या हिवाळ्यात साध्या सर्दीवर तिने लागोपाठ तिसऱ्यांदा गोळ्या दिल्या आणि बाबांना जुलाब लागले. थांबेचनात. रुग्णालयात उतार पडायचा, घरी आले की पुन्हा सुरू. बाबा निम्मे झाले.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "आतड्यात चांगले जिवाणू असतात, वाईटांना थारा न देणारे. गोळ्यांनी तेच मारले. आता मोकळ्या जागेत एक विषारी जंतू ठाण मांडून बसलाय. एवढ्या गोळ्या यांना दिल्या कुणी?"

"दुकानातून घेतल्या," ती म्हणाली. दुकान कुणाचं, ते तिने सांगितलं नाही.

उपाय ऐकून ती चमकलीच. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीवाटे बाबांच्या आतड्यात सोडायचे.

"माझे घ्या," ती ताडकन म्हणाली.

पण गेल्याच महिन्यात दाढ दुखली म्हणून तिने स्वतःही तसल्याच गोळ्या गिळल्या होत्या. ती बाद झाली. मग नवरा पुढे झाला. वेल्डिंग करणारा जावई बाबांना चारचौघांत सांगायलाही नको वाटायचा. त्याच्या सगळ्या तपासण्या मात्र चोख निघाल्या.

"माझ्या हातचा चहा कधी घेतला नाही त्यांनी," तो म्हणाला, "आणि आता एकदम हे!"

ती खो खो हसली, आणि हसता हसता रुग्णालयाच्या जिन्यातच रडायला बसली.

जावयाचे जिवाणू बाबांच्या आतड्यात सोडले, आणि हळूहळू त्यांना भूक लागू लागली. चेहऱ्यावर तकाकी आली. भेटायला आलेल्या शेजाऱ्याला ते म्हणाले, "लेकीनं वाचवलं हो मला."

शेजारी जाईपर्यंत तिने कसाबसा धीर धरला. "बाबा, मी नाही, तुमच्या जावयानं वाचवलं. मीच आजारी पाडलं. साध्या सर्दीला त्या गोळ्यांचा उपयोग नसतो. तुम्हाला डॉक्टरकडे न्यायचा कंटाळा केला मी."

"तुला ठाऊक होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. बाबा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले.

पुढे त्यांना खोकला झाला, तेव्हा त्यांनी जावयाला बोलावलं. "जरा डॉक्टरकडे नेतोस? तिला नको त्रास."

"मीही येते," ती म्हणाली आणि दुकानाला कुलूप लावून गाडीत मागे बसली. वाटभर बाबा जावयाशीच बोलत होते. तिने मध्ये तोंड घातलं नाही.