एरंडेल लावलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना ओकचा खांब आहे. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या एका गोदामात सुमो या जपानी कुस्तीची तालीम भरते, तिथे कोपऱ्यात मला पुरले आहे. मल्ल मला तेप्पो म्हणतात आणि रोज तळहातांनी बडवतात. मार खाणे हेच माझे काम, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बावीस वर्षांपूर्वी हिरातासरांनी ही तालीम गॅरेजमध्ये सुरू केली, तेव्हा त्यांच्यापाशी तीन शिष्य आणि मी होतो. पुढे गोदाम मिळाले, मातीचे रिंगण झाले, शिष्य वीसवर गेले. मग कोणाचे गुडघे गेले, कोणाच्या नोकऱ्या बदलल्या. आता सहाजण येतात. त्या साऱ्यांच्या तळव्यांनी माझ्या अंगावर दोन खळगे पडले आहेत. नवे मल्ल तिथेच हात टेकून शिकतात. मला त्या खळग्यांचा फार अभिमान आहे.

गेल्या खंडेनवमीला संग्राम सकाळी सर्वांच्या आधी आला. तो साताऱ्याचा, इथे एम.एस. करतो. लहानपणी मल्लखांब केलेला. आज साधनांची पूजा, आणि खांब म्हटला की एरंडेल लावायचेच, हे त्याच्या अंगवळणी पडलेले. त्याने मला नमस्कार केला आणि वाटीभर एरंडेल चोळले. इतक्या वर्षांत मला कोणी असे गोंजारले नव्हते. खरे सांगतो, मी सुखावलो. पण मल्लखांबावर अंग सरकावे लागते, माझ्यावर हात ठरावा लागतो. हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

थोड्या वेळाने सगळे जमले. सतरा वर्षांची अनया पहिली पुढे आली. शनिवारी तिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. तिने सगळा जोर लावून तडाखा दिला. हात सटकला, मनगट मुरगळले आणि तिचे कपाळ माझ्यावर आपटले.

हिरातासर इंग्रजीत बोलतात, मी आपल्या भाषेत सांगतो. त्यांनी मला चाचपले, हाताला चिकट ओल लागली. "आतून सडून पाझरतोय. उद्या कोणाची मान मोडेल. कापून टाका." करवत त्यांनी संग्रामच्याच हाती दिली, कारण ताकदीचा तोच.

संग्रामने करवत घेतली. निष्काळजीपणा केला म्हणून सरांनी एकाला कायमचे घरी पाठवले होते, हे त्याला ठाऊक होते. आणि या परक्या गावात तालमीशिवाय त्याचे कोणी नव्हते. तो बोलला तर त्याची तालीम सुटणार, गप्प राहिला तर मी संपणार. करवत माझ्या पायाशी टेकली. एकदा ओढली. दुसऱ्यांदा ओढली. भुसा पडला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

तिसऱ्यांदा त्याचा हात थांबला.

"सर, हा सडलेला नाही. तेल मी लावलंय. आमच्याकडे पूजेला लावतात. मी कोणाला विचारलं नाही."

अनया कपाळाला बर्फ धरून म्हणाली, "दादा, यू कुड हॅव जस्ट आस्क्ड."

सरांनी करवत काढून घेतली. "मग साफही तूच कर. रोज."

अनयाची निवड हुकली. संग्राम रोज मला राखेने घासायचा, पण खळग्यांत मुरलेले तेल निघेना. दोन महिने मला कोणी हात लावला नाही. इतका एकटा मी कधीच नव्हतो. म्हणून सांगतो, आमच्यावर माया जरूर करा, पण आमचे काम काय ते आधी कोणाला तरी विचारा.

घासून घासून शेवटी खळगे कोरडे दिसू लागले, मग एका सकाळी अनया समोर उभी राहिली. "इज इट सेफ, दादा?"

संग्राम सरांकडे वळला आणि त्यांना विचारले. सरांनी खळग्यांत तळवा दाबून पाहिला आणि होकारार्थी मान हलवली.

अनयाने श्वास घेतला आणि तडाखा दिला. पायाशी करवतीची खूण ठणकली. पण तिचा हात ठरला.