सुईणआजीच्या तळहाताखाली

मित्रांनो, आधी एक काम करा. माझ्या उजव्या बाजूला लाकडाचा रंग उडून एक गुळगुळीत, फिकट डाग पडला आहे. तिथे तुमचा तळहात ठेवा. लगेच काही कळणार नाही, पण ठेवा. तोवर मी माझी ओळख करून देते.

मी एक जुनी पायपेटी आहे. मांडीपुढे घेऊन एका हाताने भाता हलवायचा, ती चिमुकली पेटी नव्हे हं. मी चांगली कमरेच्या वर उंच. माझ्यासमोर स्टुलावर बसायचं, खालच्या दोन फळ्या पायांनी आळीपाळीने दाबायच्या, म्हणजे पोटातला भाता चालतो, आणि वर पट्ट्या दाबल्या की सूर निघतात. आज माझ्या बहुतेक पट्ट्या गेल्या आहेत. चार दात उरलेल्या म्हातारीने आपल्या लग्नाची गोष्ट सांगावी, तसं माझं बोलणं समजा आणि सांभाळून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. सुतार तोंडाचा फटकळ, पण हाताला तोड नव्हती. भात्याचं कातडं जाड हवं की मऊ, यावरून त्याचं आणि कातडं शिवणाऱ्या कारागिराचं असं काही वाजलं की मी वाजायच्या आधीच शेजारी वैतागले. शेवटी कातडं मऊ लावलं आणि सुतार महिनाभर त्या कारागिराशी बोलला नाही. सगळ्यात खालच्या सुराची पितळी जीभ बसवताना मात्र त्याने मला थोपटलं. तो म्हणाला, "हा सूर कानाला कमी आणि हाडांना जास्त ऐकू येईल." तेव्हा मला त्यातलं काही समजलं नव्हतं.

एका अरुंद रस्त्याच्या टोकाला छोटं चर्च होतं, तिथे मी गेले. काय दिवस होते ते! लग्नात मी वाजले, बाप्तिस्म्यात वाजले, कुणाला शेवटचं पोहोचवायला लोक निघाले तेव्हाही वाजले. वाजवायच्या पाळकबाई. चर्चच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, बायको म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत, पण त्यांचा खरा धंदा शिवणकाम. शिलाई मशीनवर पाय मारून मारून त्यांना इतकी सवय झाली होती की माझ्या फळ्याही त्या तशाच हाणत. संथ गीत सुरू व्हायचं आणि तिसऱ्या कडव्यात दौडू लागायचं. पाळक म्हणत, "आज प्रभूची स्तुती करतेयस की झालर शिवतेयस?" याचं उट्टं त्या बरोबर काढत. पाळकांचा उपदेश लांबला की त्या फळीवर नुसता पाय ठेवत. मी हलकासा सुस्कारा टाके आणि पाळक समजून आवरतं घेत.

पाळकांची आई म्हणजे सुईणआजी. रस्त्यावरची निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्माला आलेली. तरुणपणीच एका तापात तिचे दोन्ही कान गेले. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची, पण गाणं काही ओठांवरून ओळखता येत नाही. म्हणून ती दर रविवारी माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढायची आणि तळहात लाकडाला टेकवून बसायची. गीत संपलं की लाकूड थरथरायचं थांबे, आणि सगळ्यांच्या आधी आजी "आमेन" म्हणे. आपला आवाज केवढा आहे हे तिला कुठलं कळायला? तिचं आमेन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाई. मुलं हसत, पाळकही हसत. मित्रांनो, हा डाग तिच्या तळहाताचा आहे.

मग वाईट दिवस आले. ते एकदम आले नाहीत. आधी एका खिडकीची काच फुटली आणि मंडळी म्हणाली, पोरांचा चेंडू असेल. मग चर्चच्या भिंतीवर कुणी काळ्या रंगात शिव्या लिहिल्या. मग हुकूम निघाला आणि दाराला कुलूप लागलं. एका सकाळी चौकीवरची माणसं आली आणि पाळकांना पायातल्या सपातांसकट घेऊन गेली. त्यांचा अर्धा चहा टेबलावर होता. पाळकबाईंनी तो कप दुसऱ्या दिवसापर्यंत उचलला नाही.

कुलूप लागायच्या आदल्या रात्रीच मंडळींनी मला हातगाडीवर आडवी घालून, वरून गादी टाकून, पाळकबाईंच्या शिवणाच्या खोलीत आणलं. मंडळी आता तिथे जमू लागली. येताना प्रत्येकाच्या हातात एखादा फाटका कपडा असायचा, कुणी विचारलंच तर शिवायला आलो म्हणायला. घड्याळवाले काका तर दर वेळी तोच सदरा आणत आणि येण्याआधी त्याच जागी फाडत. पाळकबाई म्हणत, "काका, आता बाही तरी फाडा. ही शिवण बघून मलाच हसू येतं." पण हसायचं कुणी नाही, कारण भिंती पातळ होत्या.

गायचं तर होतंच. मग पाळकबाईंनी एक रीत काढली. त्या माझ्यासमोर बसत, पाय जमिनीवर ठेवत आणि नुसत्या पट्ट्या दाबत. भाता चालत नाही तर सूर कुठून येणार? लाकडाची टकटक तेवढी होई. मंडळी त्यांच्या बोटांकडे बघून ओठ हलवत, मनातल्या मनात गात. तुम्हाला हे मोठं सुंदर वाटेल. मला ते भयंकर वाटे. सूर घशात दाटलेले आणि तोंड बंद. माझी तर घुसमट होई.

सगळ्यांत हाल झाले आजीचे. बाकीच्यांना गीत आठवून तरी ऐकू येत होतं. तिला जे काही होतं ते तळहातात होतं, आणि आता लाकूड मेलेलं. पहिल्या दिवशी तिने माझ्यावर दोनदा थापटी मारली आणि विचारलं, "मोडली का गं ही?" पाळकबाईंनी ओठ हलवून सांगितलं, "बाहेर ऐकू जाईल, आई." आजीने मान डोलावली. शेवटी सगळ्यांचे ओठ थांबलेले दिसले तेव्हा, जन्माची सवय, ती खणखणीत "आमेन" म्हणाली.

घड्याळवाल्या काकांनी झेप घेऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. आजीने सगळ्यांची तोंडं पाहिली. आपण काय केलं ते तिला समजलं. त्यानंतर ती प्रार्थनेला बसली नाही. खोलीतच असायची, पण भिंतीकडे तोंड करून. बोलायचीही नाही. मला वाटलं, आजीने देवाला सोडलं.

चारच दिवसांत चौकीवरचा माणूस आला. आमेनमुळे आला की कुणी चुगली केली, ते आजवर कळलेलं नाही. त्याने माझ्यावरची चादर ओढली आणि पाळकबाईंना म्हणाला, "रविवारी सकाळी ही फोडून रस्त्यावर टाका. तुमच्या हाताने, सगळ्यांदेखत. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, की आम्ही येशूला सोडलं. मग तुमच्या नवऱ्याचं बघतो."

"ते आहेत ना?" पाळकबाईंनी विचारलं.

"फोडा, मग सांगतो," तो म्हणाला आणि गेला.

मंडळी जमली, पण अर्धीच. घड्याळवाले काका म्हणाले, "लाकूडच आहे ते. देव काय लाकडात बसतो? दोन शब्द तोंडाने बोलायचे आणि माणूस घरी आणायचा. प्रभूला काय कळत नाही का, आपण भीतीने बोललो ते?" खरं सांगते मित्रांनो, माझं लाकूड जायला माझी ना नव्हती. पाळकांसारख्या माणसासाठी माझ्यासारख्या दहा पेट्या फोडाव्यात. पण ते नुसतं लाकूड मागत नव्हते.

शनिवारी दुपारी पाळकबाईंनी कुऱ्हाड आणली. दार लावून त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या, आणि त्या बाईला मी प्रथमच रडताना पाहिलं. त्या मला म्हणाल्या, "रोज विचारते गं प्रभूला. ते जिवंत आहेत का, एवढंच विचारते. उत्तर नाही. मंडळींपुढे मान ताठ ठेवते, पण मला आता काही ऐकू येत नाही." माझा भाता रिकामा होता.

तेवढ्यात आजी भिंतीकडून वळली. तिने कुऱ्हाड पाहिली. पाळकबाईंनी डोळे पुसले आणि ओठ सावकाश हलवून तिला सगळं सांगितलं. तोवर तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"माझं पोरगं सोडतील?" आजीने विचारलं.

"तसं म्हणाला."

"कोण म्हणाला? तो चौकीवरचा?" आजीने विचारलं. "तो पायाळू. पाय आधी बाहेर आले होते, मीच ओढून काढला. तेव्हापासून उलटाच चालतोय." मग ती उठली, माझ्याजवळ आली आणि तळहात टेकवला. "एकदा वाजव. मग काय ते कर."

पाळकबाईंनी शिवायला आलेले सगळे जाड कपडे, रजया, कोट माझ्याभोवती गुंडाळले. फक्त उजवी बाजू मोकळी ठेवली. मग फळीवर पाय ठेवला आणि सगळ्यात खालची एकच पट्टी दाबली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात हवा गेली. सूर इतका खोल होता की दारापर्यंतही पोहोचला नसेल. पण आजीचे डोळे मिटले. सुताराचं बोलणं मला तेव्हा समजलं.

तळहात न काढता आजी म्हणाली, "सूनबाई, एवढी वर्षं मला ऐकू येत नाही. म्हणून तू कधी वाजवायची थांबलीस का?"

पाळकबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मग देव तरी का थांबला असेल? मीही वेडी, भिंतीकडे बघत बसले. आपल्याला ऐकू येईना झालंय, एवढंच."

"पण आई, ते?" पाळकबाईंनी विचारलं. "त्यांना आणायचं नाही?"

आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती पुसत नव्हती. ती म्हणाली, "माझ्या पोराने तिकडे मार खाऊन येशूला सोडलं नसेल, तर आपण घरात बसून कशाला सोडायचं? आणि मार खाऊन त्याने सोडलं असेल, तर परत आल्यावर तो कुठे बसेल? त्याच्यासाठी जागा धरून ठेवायला नको का कुणी?"

पाळकबाईंनी कुऱ्हाड परत नेऊन ठेवली.

रविवारी चौकीवरचा माणूस आणखी दोघांना घेऊन आला. पाळकबाई म्हणाल्या, "आम्ही फोडणार नाही आणि ते शब्दही बोलणार नाही." त्या शूर दिसत नव्हत्या, घाबरलेल्या दिसत होत्या, पण उभ्या होत्या. मग त्या माणसांनीच मला ओढत रस्त्यावर नेलं. पहिला घाव पट्ट्यांवर पडला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दगडांवर विखुरल्या. दुसऱ्या घावाने भाता फाटला आणि माझा श्वास गेला.

आजी आपली खुर्ची घेऊन बाहेर आली. घाव चालू असताना ती माझ्या उजव्या बाजूला बसली, तळहात टेकवला आणि प्रभूची प्रार्थना म्हणू लागली. आपला आवाज केवढा आहे हे तिला कुठलं कळायला? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. त्या दिवशी तिच्या तोंडावर कुणी हात ठेवला नाही. रस्त्यावरच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. कुऱ्हाडवाल्याने आजीचा हात पाहिला, चौकीवरच्याकडे पाहिलं, आणि उजवी बाजू तशीच सोडून दिली. प्रार्थना संपली तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर, हातात फाटका सदरा धरून उभे असलेले घड्याळवाले काका "आमेन" म्हणाले. मोठ्याने म्हणाले. लगेच त्यांना चौकीच्या गाडीत घातलं.

मित्रांनो, आता सगळं ठीक झालं असं सांगायला मला फार आवडलं असतं. पाळक आले नाहीत. त्यांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. काका परतले, पण त्यांचा उजवा हात आता घड्याळाचा स्क्रू धरू शकत नाही. आजी हिवाळ्यात गेली. शेवटचे दिवस तिची खाट माझ्याशेजारीच होती. चर्चचं कुलूप गंजलं आहे, पण उघडलेलं नाही.

पाळकबाईंनी मला गोळा करून घरात आणलं. फाटका भाता त्यांनी कोटाच्या अस्तराने शिवला. शिवण वाकडीतिकडी आहे, पण हवा धरते. खालचे मोजके सूर वाचले आहेत. त्यावर कुठलंही गीत पुरं वाजत नाही. तरी मंडळी फाटके कपडे घेऊन येतात, माझ्याभोवती रजया गुंडाळतात आणि आळीपाळीने उजव्या बाजूला हात ठेवतात. माझ्याजवळ आजीची खुर्ची असते. तिच्यावर कुणी बसत नाही. ती पाळकांसाठी धरून ठेवली आहे.

माझं मागणं फार नाही. मला ओलीत ठेवू नका, भात्यात उंदीर शिरू देऊ नका, माझ्या डोक्यावर फुलदाणी मांडून मला टेबल करू नका. आणि मी गप्प दिसले म्हणून मला मोडीत काढू नका. माझ्याहून मोठं असं कुणी तुम्हाला गप्प वाटलं, तर तिथेही घाई करू नका.

बघा, पाळकबाई स्टुलावर बसल्या. पाय फळीवर आहेत. तुमचा हात जरा वेळ तसाच राहू द्या.