उजवीकडची गिटार

बाजारपेठेत त्याला तोळामासा म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे साहेबच म्हणत, कारण तो वजनमाप खात्याचा निरीक्षक होता. त्याची पितळी वजनांची पेटी पायरीवर टेकली की भल्याभल्या दुकानदारांना कापरं भरे. दुसऱ्याच्या तराजूतला गुंजभर फरक त्याला दहा पावलांवरून दिसायचा. स्वतःचं माप तपासायची वेळ मात्र कधी आली नव्हती. निरीक्षकावर निरीक्षक नेमायचं सरकारला अजून सुचलेलं नाही.

रविवारी सकाळी अकराला हाच माणूस पेटी कपाटात ठेवून भक्त व्हायचा. त्याचं दैवत म्हणजे डब. डब म्हणजे काय, हे त्याने इतक्यांना इतकं समजावलं होतं की नातेवाईक त्याला बघून रस्ता बदलत. तर ते थोडक्यात असं: एखादं चांगलं गाणं घ्यायचं आणि त्यातून गायकालाच उठवायचं. निम्म्या वाजवणाऱ्यांना बाहेर काढायचं. ड्रम आणि पोटात घुमणारी बेस गिटार एवढंच मागे ठेवायचं. मग मधूनच कुणाला तरी दारातून डोकावू द्यायचं, गिटारचा एक फटकारा, त्याचा लांबत जाणारा पडसाद, की पुन्हा खोली रिकामी. रेगे नावाचं संगीत ज्या बेटावर जन्मलं, तिथल्या काही खटपट्या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी हा उद्योग काढला, आणि त्यातले बरेचसे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे होते.

"म्हणजे पाहुणे गेल्यावर घर कसं वाटतं, तसं," असं त्याच्या बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं. व्याख्या अचूक होती. पण ती तिने भांडी आवरता आवरता केली, म्हणून त्याने ती धरली नाही.

प्रेम खरं होतं, हे मान्य करायला हवं. एकोणिसाव्या वर्षी एका शिंप्याच्या दुकानात त्याने ती बेस पहिल्यांदा ऐकली तेव्हा मापं द्यायचं विसरून तो तिथेच उभा राहिला होता, आणि तसं अजूनही अधूनमधून व्हायचं. फक्त तीस वर्षांत त्या प्रेमावर पांडित्याची इतकी पुटं चढली होती की खालचा शिंपी दिसेनासा झाला होता.

दर रविवारी त्याच्या बैठकीच्या खोलीत सात जणांचं मंडळ जमायचं. अध्यक्ष होते दंतवैद्य. त्यांच्या घरचे स्पीकर कपाटाएवढे होते आणि समज मात्र, तोळामाशाच्या मते, खणाएवढी. दुसरे भूमितीचे निवृत्त मास्तर, मांडीवर वही आणि हातात थांबघड्याळ घेऊन ऐकणारे. बाकीचे मान डोलावण्यापुरते.

आता मंडळातर्फे तोळामाशाचं पुस्तक निघायचं होतं, 'रिकाम्या जागेचे कारागीर'. त्यातलं सातवं प्रकरण म्हणजे त्याच्या आयुष्याची कमाई. ते एकाच गाण्याच्या तबकडीबद्दल होतं. ती तबकडी ज्या तंत्रज्ञाने घडवली त्याला म्हणे सगळे 'वकील' म्हणत, कारण तो वादकांना साक्षीदारासारखा उभा करी आणि मनात येईल तेव्हा खाली बसवी. तबकडी इतकी दुर्मिळ की मंडळात ती एकट्या तोळामाशाकडे होती आणि तो ती दंतवैद्यांना हात लावू देत नसे. प्रकरणात त्याने लिहिलं होतं: 'पूर्ण चार मिनिटं गिटार नाही. वकिलाने ती समूळ काढली आहे. असं धाडस त्याच्या आधी कुणी केलं नाही, नंतर कुणाला झेपलं नाही.' अशी अकरा पानं. येत्या रविवारी मंडळाने तबकडी ऐकायची, दंतवैद्यांनी प्रस्तावना द्यायची आणि सोमवारी पुस्तक छापखान्यात, असं ठरलं होतं.

गुरुवारी तबकडीच्या यंत्राचा पट्टा तुटला.

दोन गल्ल्या पलीकडे एक दुरुस्तीवाली होती. पंखे, इस्त्र्या, रेडिओ, जे बंद पडेल ते तिच्याकडे जाई. तोळामाशाने यंत्र दुलईत गुंडाळून नेलं आणि टेबलावर ठेवताना बजावलं, "बाई, जपून हं. ही साधी वस्तू नाही."

"असाध्या वस्तूचाही पट्टाच तुटतो साहेब," ती म्हणाली. "उद्या या."

तिच्या दुकानात उघडे रेडिओ, तारांची भेंडोळी आणि जुने ट्रान्सफॉर्मर छतापर्यंत रचलेले होते. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात त्याने अशाच एका खोलीचं वर्णन करताना 'गर्भगृह' हा शब्द वापरला होता. इथे त्याने नाकाला रुमाल लावला.

शुक्रवारी संध्याकाळी यंत्र घरी आलं. त्याने दिवा मंद केला, वकिलाची तबकडी लावली, डोळे मिटले. बेस आली. ड्रम आला. आणि मग, टक-टक, टक-टक, ऐसपैस, हसतखेळत, गिटार आली.

ती एकदा डोकावून गेली असती तर त्याने देवाची लीला म्हटलं असतं. ती गेलीच नाही. पाहुण्याने सोफ्यावर मांडी ठोकावी तशी चार मिनिटं वाजत बसली.

"छान वाजतंय की आज," आतून बायको म्हणाली. "काहीतरी चाल लागल्यासारखी वाटते."

तो चप्पल घालून दुकानात धावला.

"काय केलंत तुम्ही?"

"पट्टा बदलला. आणि सुईच्या मागे चार बारीक तारा असतात ना, त्यातली एक सुटली होती. उजव्या बाजूची. ती पण बसवली. बरीच वर्षं सुटलेली असावी, टोक काळं पडलं होतं."

"अशक्य! दोन्ही स्पीकर नीट वाजत होते माझे."

"वाजणारच. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायचं तुमचं बटण कायम दाबलेलं. म्हणजे डावीकडचाच आवाज दोन्ही स्पीकरला जायचा. जुन्या तबकड्यांत दोन्ही बाजूंना एकच असतं, त्यामुळे कळायचं नाही. एखादीत उजवीकडे वेगळं काही भरलेलं असेल तर तेवढं गायब." तिने त्याच्याकडे पाहिलं. "का हो? काही सापडलं का नवीन?"

अकरा पानं तोळामाशाच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. वकिलाने काही काढलेलं नव्हतं. काढलं होतं ते एका काळ्या पडलेल्या तारेने.

"ती तार परत सोडा," तो म्हणाला.

"काय?"

"बिघडवून द्या. होतं तसं."

इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक तिच्याकडे आलं नव्हतं. ती म्हणाली, "तार केसासारखी आहे. आता ओढली तर तुटेलच, आणि हे सुईचं डोकं कुठे मिळत नाही. एक करता येईल. दाराच्या घंटीचं बटण आहे माझ्याकडे. ते मध्ये जोडते. दाबून धरलं की उजवी बाजू बंद, सोडलं की चालू. पण चार मिनिटं कुणीतरी दाबून बसायला हवं."

घरी बायकोने स्पष्ट सांगितलं, "मी घंटीचं बटण दाबून बसणार नाही. दार वाजलं तर उघडायला बोलवा."

शेवटी दुरुस्तीवालीच रविवारी यायला तयार झाली. वकील नावाच्या माणसाने असं केलं तरी काय, की त्यापायी चांगलं यंत्र बिघडवावं लागतंय, एवढं तिला ऐकायचं होतं.

रविवारी वायर बैठकीतून दाराखालून स्वयंपाकघरात नेली, वर सतरंजी ओढली. आत ओट्याजवळ स्टुलावर दुरुस्तीवाली, हातात बटण. "सुरू झालं की दाबायचं, संपेपर्यंत सोडायचं नाही," असं तोळामाशाने तीनदा सांगितलं. बाहेर सात जण बसले. त्याने सातव्या प्रकरणातला उतारा वाचला, 'समूळ' या शब्दावर थांबला, आणि सुई टेकवली.

पहिलं मिनिट अपेक्षेप्रमाणे गेलं. बेस, ड्रम, पोकळी. दंतवैद्यांनी हनुवटी वर केली, म्हणजे प्रस्तावना अर्धी हातात आली.

आणि गिटार आली. एकच फटकारा, टक! लगेच बंद. तोळामाशाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतून कुजबुज ऐकू आली, मग बायकोचं दबकं हसू. थोड्या वेळाने पुन्हा, यावेळी दोन फटकारे, बरोबर ड्रम थांबतो त्या फटीत. मग बराच वेळ काही नाही, इतका वेळ की सगळे गिटारची वाट बघत पुढे झुकले. शेवटच्या मिनिटाला ती आली, गेली, आली, दारात उभी राहिली आणि अर्ध्यातच कुणी तरी दार लावावं तशी नाहीशी झाली.

मास्तरांचं थांबघड्याळ हातातच राहिलं होतं. मान डोलावणाऱ्यांनी ती डोलावली नव्हती. खरंच आवडल्यावर माणसं ते विसरतात.

"बाप रे," दंतवैद्य म्हणाले. "पण तुम्ही तर गिटार समूळ काढली म्हणता?"

तोळामाशाने कधी कुठल्या दुकानदाराला सोडलं नव्हतं, पण त्या सगळ्यांच्या सबबी त्याला तोंडपाठ होत्या. "कान तयार व्हावा लागतो डॉक्टर. ज्याला काढलेली गिटार ऐकू येते, त्याच्यासाठी ती आहे."

"मला आली ऐकू!" डॉक्टर आनंदाने म्हणाले.

"मग बघा!"

इथे थांबला असता तर निभावलं असतं. पण मास्तर म्हणाले, "पुन्हा लावा, वेळा टिपून घेतो." नाही म्हणायला कारण नव्हतं. तो पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला आणि दात ओठ खात पुटपुटला, "दाबून धरा म्हटलं होतं ना!"

"बोट दुखलं हो, सुटलं एकदा," दुरुस्तीवाली म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मग म्हटलं, बघू या."

"काही बघू नका!"

दुसऱ्या वेळी तिने आणखी बघितलं. गिटार भलत्याच ठिकाणी आली, आणि पहिल्याहून सुंदर आली. तोळामासा पाणी द्यायचं विसरून तिथेच उभा राहिला. शिंप्याच्या दुकानात राहिला होता तसा. त्याला नेमकं कळलं की आपण ज्याच्यावर आयुष्यभर लिहीत आलो, ते आत्ता आपल्या ओट्याजवळ घडतंय. आणि त्याच क्षणी मास्तर म्हणाले, "वेळा जुळत नाहीत. तबकडी दर वेळी वेगळी कशी वाजेल?"

दंतवैद्य खाली वाकले. दात किडला की मूळ शोधायची त्यांची सवय. सतरंजी उचलली, वायर धरली, आणि वायरीमागे चालत स्वयंपाकघरात पोहोचले. सगळे मागोमाग.

"तुम्ही करत होता हे?"

"हो," ती बटण दाखवत म्हणाली. "साहेबांनी बसवून घेतलंय."

सगळे तोळामाशाकडे वळले. एक वाक्य पुरलं असतं. 'वकील गेला खड्ड्यात, या बाईंना ऐका, ते लोकही दुरुस्तीवालेच होते.' या वाक्याचा शेवटचा भाग तरी त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तयारच होता. पण सातवं प्रकरण अकरा पानांचं होतं, आणि पानांची माया वाईट.

"चूक यांची आहे," तो म्हणाला. "मी फक्त धरून ठेवायला सांगितलं होतं. काम जमलं नाही. माझं प्रकरण बरोबरच आहे."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की बाजारातल्या एकाही दुकानदाराने त्याच्याकडे तसं कधी पाहिलं नसेल. दुरुस्तीवालीने भांडण केलं नाही. पिशवीतून पेचकस काढला, बटण सोडवलं, वायर गुंडाळली आणि निघाली.

"आता लावा," दंतवैद्य म्हणाले. बटणाशिवाय गिटार चार मिनिटं बडबडत राहिली. मग दंतवैद्य म्हणाले, "सातवं प्रकरण पुन्हा लिहा. प्रस्तावना तोवर थांबू द्या." आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसले.

पुढच्या रविवारी तोळामाशाकडे कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. बायकोने सहज बातमी दिली की दंतवैद्य स्वतःचं यंत्र दुरुस्तीवालीकडे घेऊन गेलेत, मास्तरही तिथेच असतात, दोन गल्ल्यांत बेस ऐकू येते. "जा की तुम्ही पण. कुणी हाकलणार नाही."

"मी कशाला जाऊ? बोलावणं आहे?"

बोलावणं नव्हतं, म्हणून चौथ्या रविवारी त्याने घरातली इस्त्री घेतली, खोलून आतली तार सैल केली, पुन्हा बंद केली आणि दुकान गाठलं. आत गाणं सुरू होतं. तिच्यापुढे आता एक सोडून चार बटणं होती. तिने एका हाताने ती चालवत दुसऱ्या हाताने इस्त्री घेतली, उलटी केली, वास घेतला.

"ही बिघडलेली नाही साहेब. बिघडवलेली आहे."

मास्तरांनी वहीत तोंड लपवलं. तोळामासा ज्यासाठी आला होता ते एका दमात बोलला. "त्या दिवशी मी खोटं बोललो. तुमचं काम चोख होतं. मला ते पुस्तकात घालायचंय. पहिल्यांदा गिटार सोडलीत ना, एकच फटकारा, ती जागा कशी ठरवलीत?"

"ठरवली कुठे? बोट दुखत होतं. सांगितलं तर होतं तेव्हाच."

त्याने खिशातून वही काढून भरभर लिहिलं. तिने मान तिरपी करून वाचलं: 'वेदनेतून उमललेला विराम.'

"अहो, माझं बोट काही उमललं नव्हतं," ती म्हणाली. "खोडा ते, मग बसा."

दंतवैद्यांनी बाकावर सरकून जागा केली. तोळामाशाने खोडलं. अगदी बारीक रेघेने, खालचं नीट वाचता येईल इतपत.