व्हर्नाचे वाढीव पौंड

टोलेफ्सन एअरवेजकडे दोन विमानं होती. एक उडायचं आणि दुसरं त्याला सुटे भाग पुरवायचं. पत्रकावर मात्र ‘आमचा ताफा’ असं छापलेलं असे.

आयोवातल्या आमच्या गावाहून हे नऊ आसनांचं विमान रोज डे मॉइनला जाई. विमान एवढंसं, म्हणून तिकीट देताना प्रत्येकाला वजन विचारावं लागे. आमच्या गावचे लोक सापडलेलं पाकीट तीन मैल चालत जाऊन परत करतील, पण स्वतःचं वजन पाद्रीबाबांसमोरही खरं सांगणार नाहीत. म्हाताऱ्या टोलेफ्सनने एकदा माणसांना सामानाच्या काट्यावर उभं केलं. आठवडाभर सगळं गाव बसने गेलं.

तेव्हापासून हे काम व्हर्नाकडे आलं. चौथीत मी तिला बेरीज शिकवली होती. समोरचा “एकशे साठ” म्हणाला की ती मान डोलवी, त्याच्या शर्टाच्या ताणलेल्या गुंड्या बघे आणि एकशे ब्याऐंशी लिही. एकोणीस वर्षं विमान सुखरूप उडालं ते या बेरजेवर.

टोलेफ्सन वारल्यावर त्याचा भाचा प्रेस्कॉट शिकागोहून कारभार पाहायला आला. त्याने प्रवाशांच्या वजनांची यादी तपासली.

“हे आकडे आले कुठून?”

“डोळ्यांतून,” व्हर्ना म्हणाली.

“प्रवासी सांगेल तेच लिहायचं. एक पौंड जरी मनाने वाढवलात, तर शुक्रवारपासून घरी बसा.”

व्हर्नाचा नवरा गेलेला, मुलं लांब. तिकिटांची ती खिडकी सोडली तर तिला जायला दुसरी जागाच नव्हती.

शुक्रवारी गोधड्यांच्या प्रदर्शनाला निघालेल्या आम्ही आठ बायका आणि नववा प्रेस्कॉट. जिने जे सांगितलं तेच व्हर्नाने लिहिलं. मीही दहा पौंड खाल्ले, कबूल करते.

“एकशे पासष्ट,” प्रेस्कॉट म्हणाला.

“नक्की?”

“लिहा!”

वैमानिक लाइल यादी वाचून परत आला. “व्हर्ना, गावात साथ आली की काय? सगळ्या वाळल्या कशा?”

“साहेबांचा हुकूम आहे. सांगतील तेच लिहायचं, खरं नाही.”

“मग मी उडत नाही. तुझे आकडे दे, नाहीतर सगळ्यांना काट्यावर चढव.”

“काट्यावर चढवा!” प्रेस्कॉट गरजला. “मला लपवाछपवी चालत नाही.”

“मग आधी तुम्ही चढा,” पाद्रीबाबांची बायको एडना गोड आवाजात म्हणाली. “पुढाऱ्याने पुढे असावं.”

आठ बायका बघत होत्या. प्रेस्कॉट चढला. काटा हलला, थरथरला आणि दोनशे अकरावर थांबला. कुणी हसलं नाही. आमच्याकडे तसं हसत नाहीत, आम्ही खोकतो. आठही जणी खोकलो.

प्रेस्कॉट खाली उतरला. “बाकीच्यांचं... राहू दे. तुमच्या पद्धतीनेच लिहा.”

व्हर्नाने खणातून दुसरी यादी काढली. ती आधीच तयार होती. त्याच्या नावापुढे दोनशे दहा होते.

“माफ करा, मिस्टर प्रेस्कॉट,” ती म्हणाली, “एक पौंड चुकले.”

खऱ्या बेरजेने भार जास्त भरला. एकाला उतरावं लागलं. प्रेस्कॉट बसने गेला.

व्हर्ना पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच खिडकीत बसली. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत लिहिलंय, ‘मिस्टर प्रेस्कॉट यांनी वजन नोंदवण्याची अचूक पद्धत सुरू केली.’ शेजारी त्यांचा फोटो आहे, फक्त छातीपर्यंत.