एक हजार चोवीस बिल्ले

डोळे मिटा पाहू. पोहण्याच्या तलावाबाहेर सामान ठेवायची खिडकी आहे. तिथली बाई तुमची पिशवी घेते आणि नंबराचा बिल्ला देते. जाताना बिल्ला परत, पिशवी परत. आता समजा, काही मुलं पिशवी विसरून, बिल्ला खिशात घालून तशीच घरी गेली. आज दोन, उद्या पाच. एक दिवस बाई रिकामी पेटी उपडी करून दाखवते, "संपले. आता कुणालाच आत सोडता येणार नाही." रांगेतल्या शेवटच्या पोराने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

भिंगरीला तिच्या आईने हे असंच समजावलं होतं. भिंगरी आठ वर्षांची, आणि आई नदीखात्याच्या कचेरीत प्रोग्राम लिहायची. तिथला वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पान वाढणारा प्रोग्राम. त्याच्या पोटात बसून काम करणारा एक तुकडा आईने लिहिला होता; त्याला मॉड्यूल म्हणतात. कुणी मोबाइलवर 'पूल चालू की बंद' हे पान मागितलं, की मॉड्यूल पाण्याच्या पातळीची फाइल उघडायचं. उघडलेल्या प्रत्येक फाइलीसाठी यंत्र एक बिल्ला द्यायचं. तो बिल्ला म्हणजे हँडल. वाचून झालं की फाइल मिटायची, हँडल परत करायचं. असे बिल्ले सगळे मिळून एक हजार चोवीस.

"आणि संपले तर?" भिंगरीने विचारलं होतं.

"कसे संपतील? मी परत देते ना!" आई हसली होती.

तीन वर्षं खरंच संपले नाहीत. कचेरीतले सर्व्हरकाका रोज पहाटे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचे. बंद झाला की हरवलेले बिल्लेसुद्धा आपोआप पेटीत येऊन पडायचे. झाकली मूठ तशीच राहिली.

पुराच्या दिवशी पहाटे काकांनी आईला फोन केला. "ताई, लोक सारखं पान बघतायत. आज बंद-चालू केलं नाही तर चालेल ना? दोन मिनिटंसुद्धा पान गायब व्हायला नको."

"राहू दे काका," आई म्हणाली. भिंगरी शेजारी उभी राहून दात घासत होती.

दुपारी साडेबाराला पान उघडेनासं झालं. एक वाजता दुधाच्या गाडीचा चालक पेट्रोल पंपावर थांबला. त्याने मोबाइल पाहिला. कोरा पडदा. "पूल बंद असता तर लिहिलं असतं की," असं पंपावरच्या माणसाला म्हणून तो निघाला. गाडी तिसऱ्या दिवशी नदीत सापडली. चालकाच्या शेजारी त्याची बायको होती.

गाडी सापडली त्या संध्याकाळी आईने मॉड्यूलचे दोन कागद छापून घरी आणले. नेहमीसारखी भिंगरी ओळींवरून बोट फिरवू लागली. "इथे उघडली. इथे वाचली. इथे मिटली. आणि फाइल अर्धवटच आली तर?"

"तर... 'नोंद नाही' सांगायचं आणि इथूनच मागे फिरायचं." पुराच्या दिवशी नदीवरचं मोजयंत्र हेलकावत होतं, दिवसभर त्याने अर्धवट फाइलीच पाठवल्या होत्या.

भिंगरीचं बोट थांबलं. "मग या वाटेवर मिटायची राहिली ना?"

गॅसवरचं भांडं करपल्याचा वास आला तरी आई उठली नाही. मग तिने लाल पेनाने त्या ओळीभोवती गोल काढला, कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

भिंगरीच्या शाळेत पुरातून काढलेली माणसं राहत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर कचेरीत आली. आई पर्स तिच्याकडे देऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. बाहेरच्या बाकावर सर्व्हरकाका बसले होते.

"काका, तुम्हाला ओरडणार?"

"ओरडून भागलं असतं तर काय हवं होतं! बावीस वर्षं झाली इथे. आता घरी बसवतायत. रोजचं काम चुकवलं म्हणे."

"पण आईच राहू दे म्हणाली होती."

"मी विचारलं म्हणून म्हणाली. तिचा काय दोष, बाळा?"

भिंगरीने पर्स पोटाशी धरली.

दार उघडलं. साहेब कागद आणि पेन घेऊन आले. "काका, एवढी सही करा. म्हणजे चौकशी संपली." त्यांच्या मागे आई दारात उभी होती. ती फरशीकडे पाहत होती.

काका चष्म्यासाठी खिसे चाचपू लागले.

"डोक्यावर आहे," साहेब म्हणाले.

काकांनी चष्मा नाकावर ओढला. पेन हातात घेतलं.

भिंगरीने पर्सची चेन उघडली. घडी काढली, उलगडली, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केली. ती उठली तेव्हा कागद घ्यायला साहेबांनी हात पुढे केला. ती त्यांना वळसा घालून दारापर्यंत गेली आणि तो कागद तिने आईच्या हातात दिला.