तळ्याकाठची पाच मिनिटं

दुसऱ्या वायनरीतही तेच झालं. काउंटरवरच्या बाईंनी मिस्त्रीच्या बायकोपुढे ग्लास ठेवला, तिने तो उचलून शेजारी पाहिलं, तर मिस्त्री गायब. "पाच मिनिटांत आलो" एवढे शब्द मागे राहिले होते.

तळ्याच्या कडेने सात वायनऱ्या होत्या आणि सातही ठिकाणच्या यंत्रांचा वैद्य हाच. बाटल्या भरायचं यंत्र, बूच मारायचं यंत्र, लेबल चिकटवायचं यंत्र, काहीही अडलं की फोन याला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. ज्या जागांनी तिचे रविवार आणि दोन्ही बाळंतपणं खाल्ली, त्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या. मागच्या आठवड्यात त्याने आपणहून विषय काढला. तळ्याकाठी फिरून येऊ, चार वायनऱ्या बघू, पाहुण्यांसारखं निवांत बसू. तिने हातातलं शिवण बाजूला ठेवून त्याला तब्येत बरी आहे ना, असं विचारलं होतं.

सकाळी तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाला, तेव्हाच तिला कळायला हवं होतं. पाहुणे पाने-पक्कड घेऊन जातात का, असं तिने विचारलं. सवय आहे, तो म्हणाला. स्कूटरही नव्हती. महिनाभर ती घरामागे झाकून ठेवली होती, काहीतरी बिघडलंय म्हणे. गावभरची यंत्रं चालती करणाऱ्याची स्कूटर बंद, हे शेजाऱ्यांना सांगताना तिलाच लाज वाटे. म्हणून आज बस. तळ्याला वळसा घालून वायनऱ्यांवरून जाणारी ही बस तासातून एकदा यायची, आणि त्यांची एक चुकलीही होती, कारण पहिल्या वायनरीत लेबलं तिरकी बसत होती.

ग्लास हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा, असं काउंटरवरच्या बाई समजावत होत्या. चांगली वस्तू तोंडात घेऊन थुंकायची, हे तिला काही पटेना. तिने घोट गिळून टाकला. काय जाणवतं, असं बाईंनी विचारलं. तिला नव्या चपला जाणवत होत्या. पण तिने आपलं छान आहे म्हणून सांगितलं.

पाचाची चाळीस मिनिटं झाल्यावर मिस्त्री घामाघूम होऊन आला. पंप होता, म्हणाला. पंपासारख्या कामाला त्याला एरवी घाम फुटत नसे, पण तिचं डोकं इतकं तापलं होतं की तिकडे लक्ष गेलं नाही. तिसऱ्या ठिकाणी कोणी मिस्त्री म्हणून हाक मारली, तर आपण सरळ बस धरून घरी जाऊ, त्याने सावकाश यावं, असं तिने बजावलं. तो हं म्हणाला आणि बसमध्ये सारा वेळ तळ्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या वायनरीत हाक मारायचीही गरज पडली नाही. मालकीणबाई फाटकातच उभ्या होत्या. बूच मारायचं यंत्र बंद पडलं होतं आणि आत दोनशे भरलेल्या बाटल्या उघड्या तोंडाने उभ्या होत्या. अशीच हवा लागत राहिली तर सगळी वाइन हातची जाणार होती.

बायको सरळ बसथांब्याकडे वळली.

"तू आत चल जरा," मिस्त्री म्हणाला.

"मी कशाला? तुमचं ग्रीस बघायला?"

"चल ना."

'ना' लावून त्याने कधी काही मागितल्याचं तिला आठवेना. ती गेली.

मालकीणबाईंना त्याने बाहेर थांबवलं. आत जागा कमी आहे, म्हणाला. जागा चांगली ऐसपैस होती. दार लावून त्याने यंत्राचं झाकण उघडलं. बूच आवळून धरणारे चार लोखंडी जबडे होते, त्यातल्या एकामागची स्प्रिंग तुटली होती. त्याने डबीतून नवी काढली, बारीक चिमट्यात धरली आणि हात आत घातला. चिमटा लोखंडावर टकटक वाजायला लागला. स्प्रिंग पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती यंत्राखाली गेली. बायकोने वाकून काढली आणि वर पाहिलं, तर तो डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून उभा होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"चार-पाच महिने. बारीक कामालाच होतं." मग म्हणाला, "आता ब्रेकवरही हात नीट बसत नाही."

म्हणजे स्कूटर धडधाकट होती.

"आणि हे सांगायला मला इथवर आणलंत?"

"सांगायला नाही. बाटल्या भरायचे दिवस आहेत, कुठे ना कुठे अडणारच होतं. तुझा हात पक्का आहे."

"म्हणजे फिरायला नव्हतंच आणलं."

"दोन्हीला," तो म्हणाला.

हातातली स्प्रिंग त्याच्या तोंडावर फेकावी इतका तिला राग आला. एका घरात, एका पंगतीला बसून हा माणूस पाच महिने गप्प राहिला, आणि बोलला तो लोकांच्या बाटल्यांपुढे. पण बाटल्या उघड्या होत्या. तिने पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"कुठे बसवायची, ते सांगा."

त्याने सांगितलं. आधी आतलं टोक खाचेत, मग दाबून धरायची, मग खीळ. तिचा जन्म लोकांच्या कपड्यांना काजं करण्यात गेला होता. खाच त्याहून फार वेगळी नव्हती. काम करता करता ती त्याला बोलत राहिली, डॉक्टरकडे का नाही गेलात, कोणाकोणाला माहीत आहे, मी काय फक्त डबे भरायला आहे का. तो फक्त "जरा डावीकडे" एवढंच म्हणत होता. दुसऱ्या खेपेला स्प्रिंग बसली. त्याने बटण दाबलं आणि पहिलं बूच बाटलीत गेलं.

आवाज ऐकून मालकीणबाई आत आल्या. मिस्त्रीच्या हाताला तोड नाही, पुढच्या हंगामाचंही सगळं त्याच्यावरच, असं त्या म्हणाल्या. बायको हो म्हणून वेळ मारून नेणार, तेवढ्यात तोच बोलला.

"आजचं हिने बसवलंय. माझा हात आता थरथरतो. पुढच्या हंगामाला दुसरं कोणी बघून ठेवा."

पट्टा झिजलाय, बदलायला हवा, हे तो ज्या आवाजात सांगायचा, त्याच आवाजात त्याने हेही सांगितलं. मालकीणबाईंनी दोघांना व्हरांड्यात बसवलं आणि त्यांची सगळ्यात चांगली बाटली उघडली. बायकोने न हुंगता, न थुंकता अख्खा ग्लास संपवला. एकतीस वर्षांत नवऱ्याने तिच्या हाताचं कौतुक केलं नव्हतं, आणि केलं ते परक्या बाईसमोर, याचाही तिला राग होताच. त्याने ग्लास दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा ती पाण्याकडे बघत राहिली.

चौथी वायनरी राहून गेली. बसथांब्यावर त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि एकेक हत्यार फडक्याने पुसून आत ठेवलं. बारीक चिमटा मात्र तिच्यापुढे धरला.

"हा तुला राहू दे. दोरे उपटायला होईल."

घरी एक आहे, असं ती म्हणणार होती. पण तिने तो घेतला, टोचू नये म्हणून रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. वळणावर बस दिसली. हात तिनेच केला.