नळीतला बोल्ट

धाकटीने बोल्ट नळीच्या तोंडाशी धरला आणि अंगठ्याने आत रेटला. रबर आधी अडून बसलं, मग नाइलाजाने सरकलं. ओढणीच्या टोकाला बोटं पुसून तिने बॉनेट खाली आणलं आणि आवाज होऊ नये म्हणून शेवटी तळहाताने हळूच दाबलं, झोपलेल्या लेकरावर पांघरूण सारखं करावं तसं.

आता टाकीला बाहेरची हवा मिळणार नव्हती. गाडी सुरू होईल, चार वळणं गुमान जाईल. मग आत पोकळी धरेल, पेट्रोल पुढे येईनासं होईल आणि एखाद्या चढावर इंजिन आचके देऊन बसेल. गॅरेजवाल्याच्या मुलीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मोडतोड काही नाही; फक्त एक रविवार वाया जाईल. थोरली रस्त्याच्या कडेला ओशाळून उभी राहील आणि बाबा तिच्याकडेही बघतील, ते घरात धाकटीकडे बघायचे तसेच. ही बाई कोण बरं, अशा नजरेने.

पूर्वी त्या नळीच्या टोकाला एक काळा डबा होता. त्यात कोळसा भरलेला. टाकीतून येणारी पेट्रोलची वाफ तो पिऊन घ्यायचा. डबा गंजला तेव्हा थोरलीने तो काढून टाकला आणि नळी उघडीच ठेवली. त्या दिवसापासून गाडीत पेट्रोलचा वास भरून राहू लागला. आणि त्याच दिवशी, कित्येक महिने जवळजवळ मुके झालेले बाबा फेरफटक्याला गेले ते बोलत परतले. दाराशी आले नि पुन्हा गप्प.

घरात त्यांचं बोलणं एवढंच.

"अहो बाई, पाणी मिळेल का?"

बाई पाणी द्यायची. बाई त्यांची नखं कापायची, घास भरवायची, रात्री पायावरची चादर सारखी करायची. आणि रविवारी थोरली इस्त्रीचे कपडे घालून यायची, त्यांना गाडीत बसवायची आणि त्यांचं सगळं बोलणं ओंजळीने पिऊन यायची.

धाकटीने नवा डबा शोधून आणला होता. तो गॅरेजच्या फळीवर कागदात गुंडाळलेला तसाच पडून होता.

"बसवून टाक की ताई. कपडे धुऊन धुऊन हातांची सालटी निघाली माझ्या, वास काही जात नाही."

"राहू दे गं. वास येतो म्हणून तर बोलतात."

"काय बोलतात?"

"असंच. जुनं काहीतरी."

ते 'असंच' धाकटीच्या दातात अडकून राहिलं होतं. पेट्रोलचा वास कुणाचा होता खरं तर? थोरली लहानपणी आत पुस्तकात डोकं घालून बसायची. बाबा तिला मास्तरीण म्हणायचे. मडगार्डवर पाय हलवत बसून बाबांच्या हातात पाने-पकडी द्यायची ती धाकटी. उलट उत्तर तिच्या जिभेवर तयारच असायचं, म्हणून तिचं नाव ठिणगी.

थोरलीने बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. दार लावलं. मग किल्ली बोटात फिरवत उभी राहिली.

"तूही चल आज."

"मला कामं आहेत."

"कामं कुठे पळून जात नाहीत. चल." थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली. "मला सांगायला जमत नाही. तूच ये."

धाकटीने एकदा बॉनेटकडे पाहिलं. धाकटी मागे बसली. काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. सीटच्या जुन्या कापडात मुरलेला वास तेवढा दरवळत होता. बाबांची मान ताठ, हात मांडीवर. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ते एक शब्द बोलले नाहीत. धाकटीला वाटलं, आत्ताच सांगावं. तिने काच पुन्हा वर केली.

पुलाच्या चढावर इंजिनाने ठसका दिला. मग दुसरा. थोरलीने गिअर बदलला, पाय दाबला. गाडी शिंकल्यासारखी हलली आणि कडेला जाऊन गप्प झाली. थोरलीने किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली. तिचे कान लाल झाले होते.

धाकटीने पुढच्या सीटच्या पाठीला धरलं. हेच तर हवं होतं.

बाबांनी मान कलती केली. कान देऊन ऐकलं. मग मांडीवरचा हात उचलून त्यांनी थोरलीच्या मनगटावर ठेवला.

"नको पिळूस तिला ठिणगे. पंप ओढतोय, टाकी सोडत नाही. दम कोंडलाय तिचा. जा, झाकण उघड."

थोरलीचं मनगट तसंच राहिलं. आरशात तिचे डोळे धाकटीला भेटले आणि खाली झाले.

"हो बाबा," थोरली म्हणाली. "उघडते."

"नुसतं हो नको म्हणूस. उलट बोलायचं विसरलीस की काय हल्ली?"

धाकटी आधीच खाली उतरली होती. मागे जाऊन तिने टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून टाकीने हवा आत ओढली. कितीतरी वेळ ओढत राहिली. धाकटी झाकण हातात धरून उभी होती. मागून आलेली मोटारसायकल हॉर्न देत गेली, तरी ती हलली नाही.

मग झाकण लावून ती पुढे आली, बॉनेट उघडलं, हात आत घातला आणि नळीतून बोल्ट उपसून काढला. वाफेचा दर्प तिच्या तोंडावर आला. थोरली बाजूला येऊन उभी होती. तिने बोल्ट पाहिला. नळी पाहिली.

"पहिल्या दिवसापासून," थोरली हळू आवाजात म्हणाली. "मी ठिणगी नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. नाही केलं. मास्तरीण म्हणून एकदासुद्धा हाक नाही मारली त्यांनी."

धाकटीने बोल्ट ओढणीच्या टोकात गुंडाळला.

थोरलीने किल्ली पुढे केली. "घे. तू बस तिथे."

काचेपलीकडे बाबा स्टिअरिंगजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, माणूस आत्ता उठून गेलंय आणि आत्ता येईल अशा भरवशाने. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. किल्लीकडे पाहिलं. थोरलीची बोटं तिने किल्लीवर मिटवली आणि मागचं दार उघडून आत जाऊन बसली.

"चल ठिणगे," ती म्हणाली. "बाबा खोळंबलेत."